मदत हवी आहे: दुकानाबाहेर व्हायोलिनच्या आकाराची पाटी लावायची आहे. आधी परवाना, आधी अनुदान, की आधी कारागीर?

तंतूवाद्य

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नवराबायको तंतुवाद्यं दुरुस्त करतो. इतकी वर्षं घरातूनच काम चाललं, आता पहिल्यांदा रस्त्यावरची जागा घेतली आहे. कोपऱ्यावरची जुनी दुमजली विटांची इमारत, तळमजला भाड्याने.

नुसतं नाव लिहिलेली पाटी लावून भागलं असतं. पण आमच्याकडे येणारी माणसं गोंधळलेली, घाबरलेली असतात. हातात तडकलेलं वाद्य असतं, बऱ्याचदा आजोबांचं. लांबूनच दिसावं की इथे हे काम होतं, असं मनापासून वाटतं. म्हणून ठरवलं की भिंतीला काटकोनात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल असं पत्र्याचं व्हायोलिन टांगायचं. उंची दीड मीटर. पोटावरच्या दोन एफ-छिद्रांतून (इंग्रजी f सारख्या फटींतून) आतल्या दिव्याचा मंद उजेड बाहेर येईल. शिवाय बाजूची भिंत पूर्ण कोरी आहे, तिच्यावर एका वादकाचं मोठं चित्र काढायला एक चित्रकार मैत्रीण तयार आहे.

शहराच्या कार्यालयात गेले. अर्जात फक्त लांबी गुणिले रुंदी भरायला जागा, आकाराला जागाच नाही. एका खिडकीवर म्हणाले पाटी आहे, दुसरीवर म्हणाले रस्त्यावर आलेलं बांधकाम आहे, तिसरीवर म्हणाले चित्राला काहीच लागत नाही. त्याच गर्दीत कोणीतरी सांगितलं की दर्शनी भाग सुधारायला शहराकडून निम्मा खर्च परत मिळतो.

पत्र्याचा कारागीर आगाऊ रक्कम मागतोय, याच महिन्यात मोकळा आहे म्हणतो. अडकलो आहोत. प्रश्न तीन:

१. कोणत्या क्रमाने जायचं?
२. असा आकार पाटी म्हणून कसा मोजतात?
३. भिंतीवरचं चित्र खरंच मोकळं आहे का?

उंबरठा

कारागिराला आज एक पैसाही देऊ नका. हे आधी, बाकीचं नंतर.

मी बरीच वर्षं व्यापारी पेठांच्या सुधारणा योजनांवर काम केलं आहे. माणसं अनुदान गमावतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: काम आधी करून बिलं घेऊन येतात. अशा योजना सहसा परताव्याच्या असतात, म्हणजे तुम्ही खर्च करायचा आणि शहराने नंतर ठरलेला हिस्सा द्यायचा. पण तो खर्च मंजुरीच्या तारखेनंतरचा असावा लागतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची दुकानांचे दर्शनी भाग सुधारण्याची योजना अशीच आहे. एका दुकानाला पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, कमाल दहा हजार डॉलर. पाट्या आणि दिवे दोन्ही त्यात बसतात, पण मंजुरीआधी केलेलं काम बसत नाही. तिथल्याच टल्सा शहरात रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या निऑन पाट्यांसाठी वेगळं अनुदान आहे, तेही निम्म्या खर्चाचं. त्या रस्त्याची जुनी ओळखच निऑन आहे, म्हणून शहराला ती परत हवी आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. शहर पैसे देतं तेव्हा त्याला तुमची पाटी नको असते, त्याला रस्ता हवा असतो. अर्जात तुमच्या धंद्याबद्दल दोन ओळी पुरे. ती पाटी त्या कोपऱ्यावरून चालणाऱ्याला काय देईल, संध्याकाळी पदपथावर किती उजेड पडेल, जुनी वीट झाकली न जाता कशी दिसेल, हे सविस्तर लिहा.

आणि सगळ्या सवलती रोख नसतात. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या पाट्यांविरुद्ध तक्रारींची लाट आली आणि लहान दुकानदार दंडाखाली दबले, तेव्हा २०१९ मध्ये शहराने कायदा करून काही काळ दंड थांबवले, शुल्कात सूट दिली. तुमच्याकडे रोख योजना नसली तर शुल्कमाफी आहे का, हेही विचारा. बरेच जण हे विचारतच नाहीत.

शाईचा डाग

मी पाट्या रंगवतो. दुसऱ्या प्रश्नावर माझं बरंच काम झालंय, तिथे येतो.

क्षेत्रफळ कसं मोजतात ते नियमातल्या व्याख्येच्या कलमात असतं, अर्जात नसतं. पुष्कळ शहरं आकृतीभोवती बसणारा सर्वांत लहान आयत धरतात. आता तुमचं व्हायोलिन घ्या. खऱ्या वाद्याच्या प्रमाणात दीड मीटर उंचीला रुंदी साधारण बावन्न सेंटिमीटर येते. आयत धरला तर पाऊण चौरस मीटरच्या थोडं वर. पण मान निमुळती, कंबर आत गेलेली, त्यामुळे प्रत्यक्ष पत्रा जेमतेम ०.४. म्हणजे जवळजवळ निम्म्या हवेचा हिशेब तुमच्या नावावर लागतो. काही ठिकाणी आकृतीच्या कडेने सरळ रेषांचा बहुभुज काढू देतात. तो पर्याय असेल तर आराखड्यात तोच काढून द्या, मोजायचं काम त्यांच्यावर सोडू नका. दोन्ही बाजूंचं तोंड एकदाच मोजतात की दोनदा, हेही लिहून घ्या.

दुसरं, ‘सर्जनशील फलक’ असा वेगळा परवाना आहे का ते पाहा. कॅलिफोर्नियात वेस्ट हॉलिवूडसारख्या शहरांत तो आहे. नेहमीच्या मापात न बसणारी पण कल्पक, नीट घडवलेली पाटी असेल तर तिचा विचार वेगळ्या कसोटीवर होतो. आकार धंद्याशी जुळतो का, इमारतीच्या शैलीशी जमतो का, घडण कशी आहे. वस्तूच्या आकाराची पाटी हा तर या धंद्यातला सर्वांत जुना प्रकार. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मोच्याने बूट टांगला, कुलूपवाल्याने किल्ली. तुम्ही त्याच परंपरेत बसता, अर्जात हे बिनधास्त लिहा.

नाव किती मोठं लिहायचं म्हणाल तर तीस मीटरवरून सहज वाचता यावं यासाठी अक्षर पंचवीस सेंटिमीटर लागतं. पण तुमचं लांबून ओळखण्याचं काम आकार करणार आहे, तेव्हा नाव लहान ठेवा. मापाची मर्यादा आकारावर खर्च करा.

मोजपट्टी

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सगळे कागदाबद्दल बोलताहेत, मी भिंतीबद्दल बोलतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला वीस मीटर वाऱ्यात चौरस मीटरमागे साधारण पंचवीस किलो, चाळीस मीटर वाऱ्यात शंभर. वेग दुप्पट, दाब चौपट. तुमच्या ०.४ चौरस मीटर पत्र्यावर वादळात चाळीस किलोचा आडवा धक्का धरा, सपाट पत्रा वारा जास्त अडवतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. आणि हा धक्का भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर लांब बसतो, म्हणजे पाटी धरणारा ब्रॅकेट पिळवटला जातो. वजन हा त्यामानाने सोपा भाग. पाट्या पडतात त्या बहुधा वजनाने नाहीत, वर्षानुवर्षं हलून सैल झालेल्या अँकरमुळे, म्हणजे भिंतीत रुतवलेल्या बोल्टमुळे.

जुन्या विटेत एक काळजी घ्या. भोक विटेत पाडू नका, दोन विटांमधल्या सांध्यात, म्हणजे दर्जेत पाडा. दर्जा परत भरता येतात, फुटलेली वीट परत मिळत नाही. जुन्या वास्तूंच्या समित्या हे हमखास विचारतात. जिथे दर्जेतला अँकर पुरत नाही तिथे आतून पट्टी घालून आरपार बोल्ट घ्यावा लागतो, त्याला वरच्या मजल्याची परवानगी लागेल. सगळे बोल्ट स्टेनलेस, नाहीतर दोन पावसाळ्यांत विटेवर गंजाचे ओघळ.

पाटीच्या खाली माणसाचं डोकं मोकळं गेलं पाहिजे. अमेरिकेच्या अपंग-सुलभता नियमांत चालण्याच्या वाटेवर सत्तावीस ते ऐंशी इंच, म्हणजे सुमारे दोन मीटरपर्यंतच्या उंचीत भिंतीवरचं काहीही चार इंचांपेक्षा जास्त पुढे येऊ नये असं आहे, कारण आंधळ्या माणसाच्या काठीला वर टांगलेलं कळत नाही. किमान आकडा तुमच्या शहराचा पाहा, पण मी असतो तर अडीच मीटरच्या खाली आलो नसतो.

लंबक

तिसऱ्या प्रश्नासाठी थांबले होते. ‘चित्राला काहीच लागत नाही’ यावर विसंबू नका.

आर्लिंग्टन, व्हर्जिनिया इथे कुत्रे सांभाळणाऱ्या एका व्यवसायाने आपल्या मागच्या भिंतीवर, कुत्र्यांच्या मैदानाकडे तोंड करून, मोठं चित्र काढून घेतलं. कार्टूनमधले कुत्रे, हाडं, पंजाचे ठसे. ना नाव, ना फोन. तरी प्रशासनाने ते पाटी ठरवलं, कारण चित्रातला विषय धंद्याचाच होता, आणि पाटी म्हणून ते मर्यादेच्या कितीतरी पट होतं. मैदानात येणाऱ्यांचं स्वागत करणारी ओळ लिहून टाका म्हणजे ते माहितीचं चित्र होईल, असा तोडगाही सुचवला गेला. मालकीण कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये अपिलातही हरली.

तुमचा वादक नेमका याच खड्ड्यात पडतो. वाद्यदुरुस्तीच्या भिंतीवर व्हायोलिन वाजवणारा माणूस म्हणजे कोणीही त्याला जाहिरात म्हणू शकेल.

पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट या खटल्यात सांगितलं की पाटीवर काय लिहिलंय हे पाहून नियम बदलणं घटनेच्या कठोर कसोटीवर टिकलं पाहिजे. त्यानंतर तिथली अनेक शहरं मजकुराऐवजी माप, जागा आणि उजेड यांवर नियम लिहू लागली. पण प्रत्येक देशाचं वेगळं. ब्राझीलमधल्या साव पावलो शहराने तर १ जानेवारी २००७ पासून उघड्यावरच्या जाहिराती जवळजवळ सगळ्याच काढायला लावल्या. दुकानाच्या स्वतःच्या पाटीलाही दर्शनी लांबीनुसार माप ठरवून दिलं, दहा मीटरपेक्षा कमी असेल तर दीड चौरस मीटर. तुमचं व्हायोलिन मापाने त्यात मावलं असतं, चित्र जाहिरात ठरलं असतं तर मात्र गेलंच.

म्हणून चित्राचा अर्ज पाटीपासून वेगळा करा, आणि ‘हे चित्र फलक धरलं जाणार नाही’ असं लेखी उत्तर मागा. तोंडी नको.

तंतूवाद्य

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री नीट झोप नव्हती, आता निदान काय विचारायचं ते कळलंय.

कारागिराला थांबायला सांगितलं. नाराज झाला, पण लेखी मंजुरी आली की पहिलं काम तुमचंच, असं कागदावर देते म्हटल्यावर तयार झाला.

चित्राबद्दल मैत्रिणीशी बोलले. ती म्हणाली वादक हवाच कशाला, या गल्लीत सकाळी पक्षी किती असतात ते काढते. आधी मला वाईट वाटलं, मग तिने कच्चं रेखाटन पाठवलं आणि ते वादकापेक्षा खूप चांगलं आहे.

पण एक नवीन अडचण. घरमालक ‘लावा, हरकत नाही’ म्हणतात. लेखी मागितलं की विषय बदलतात.

उंबरठा

त्यांना भीती पाटीची नसेल, तुम्ही गेल्यावर भिंतीचं काय, ही असेल. संमतिपत्रात तुम्हीच तीन गोष्टी घाला. जागा सोडताना पाटी स्वतःच्या खर्चाने काढाल, भोकं त्याच चुन्याने किंवा मसाल्याने बुजवाल, आणि पाटी पडून कोणाला इजा झाली तर विमा तुमचा असेल. विम्यात मालकांचं नावही घालता येतं. रस्त्यावर पुढे येणाऱ्या पाटीला बरीच शहरं हा विमा मागतातच. शिकागोत तर पाटी सार्वजनिक जागेवर पुढे येत असेल तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तेव्हा ती कागदपत्रं वाया जाणार नाहीत. घरमालकांची सही अनुदानालाही लागेल, परवान्यालाही, दोन मूळ प्रती करून घ्या.

आणि अर्ज भरण्याआधी भेटीची वेळ मागा. बऱ्याच कार्यालयांत अर्जपूर्व चर्चा असते. तिथे खिडकीवरचा माणूस नसतो, निर्णय घेणारा असतो.

शाईचा डाग

त्या भेटीला नुसता आराखडा नेऊ नका. पुठ्ठ्याचं व्हायोलिन खऱ्या मापात कापा, वरच्या खिडकीतून काठीला बांधून धरा, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून फोटो काढा. दिवसा आणि तिन्हीसांजेला. माप कागदावर नेहमी लहान वाटतं किंवा मोठं वाटतं, बरोबर कधीच वाटत नाही. एकदा मी स्वतः केलेली पाटी पुठ्ठ्यावर पाहून वीस सेंटिमीटरने कमी केली होती.

दिव्याबद्दल: लुकलुकणारा नको, रंग बदलणारा नको. अनेक नियमांत ते सरळ मनाई असतं, आणि एफ-छिद्रांचा स्थिर उजेडच सुंदर दिसेल. कडेला निऑन लावायचा विचार असेल तर खऱ्या काचेच्या नळीला हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याची वेगळी तपासणी. आत बारा किंवा चोवीस व्होल्टची एलईडी पट्टी पुरेल.

तंतूवाद्य

पुठ्ठा कालच कापला. नवऱ्याने वरच्या खिडकीतून धरला, मी समोरच्या फुटपाथवर. एक लहान मुलगी आईचा हात ओढून म्हणाली, ते बघ व्हायोलिन. फोटो काढायचं मी विसरलेच, आज परत काढणार.

उंबरठा, तुम्ही सांगितलेला मसुदा घरमालकांना वाचून दाखवला. विम्याच्या ओळीवर थांबले, दोनदा वाचली आणि सही केली. अर्जपूर्व भेट पुढच्या सोमवारची मिळाली आहे.

मोजपट्टी, भिंत बघायला इंजिनिअर गुरुवारी येताहेत. दर्जा आणि बोल्टचं सांगेनच. आणखी काय विचारू?

मोजपट्टी

भिंत भरीव आहे की मध्ये पोकळी सोडून दोन थरांची, ते आधी पाहायला सांगा. पोकळी असेल तर बाहेरचा एकच थर पाटी धरेल असं समजू नका. मग एका अँकरवर ओढून चाचणी घ्यायला सांगा आणि आकडा दाखल्यात लिहून घ्या. आणि किती वर्षांनी परत तपासायचं, तेही त्याच कागदावर.