गागाला टूर झेपली नाही, पिक्चर कसा झेपला?

कृष्णाकाठ, सांगली: फायब्रोमायल्जियाचं (अंगभर कायम दुखण्याचा आजार) दुखणं सांगून अमेरिकन गायिका लेडी गागानं फेब्रुवारी 2018 ला युरोपातले शेवटचे 10 शो रद्द केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा पिक्चर 'अ स्टार इज बॉर्न' थेटरात हजर. वर डिसेंबरात लास वेगासला शो चालू! आजार असेल, नाही म्हणत नाही, पण सोयीचा दिसतोय. आमच्या भावे नाट्यमंदिरात असं केलं तर पब्लिक सोडंल का?

मिरजची पोरगी: दादा, तारखा तर बघा. पिक्चरचं शूटिंग एप्रिल 2017 ला सुरू झालं, टूर ऑगस्टला. सप्टेंबरात बाई अॅडमिट, रिओचा शो गेला. म्हणजे पिक्चर आधी, टूर नंतर. आणि वेगास म्हणजे एकाच जागी मुक्काम, रोज विमान नाही, नवं हॉटेल नाही, मधे आराम. ह्या आजारात काम असंच बसवावं लागतं. माझ्या आत्याला आहे म्हणून सांगते, मिरजेत एवढे दवाखाने, एक्सरे रक्त सगळं नॉर्मल, कारण ह्यात सांधा खराब नसतोच, मेंदू आणि नसाच दुखणं वाढवून घेतात, झोप झाली तरी अंग आंबलेलं. आत्या लग्नात साडी नेसून हसत उभी राहते आणि पुढचे दोन दिवस तिला कणीक मळवत नाही. लग्नातला फोटो बघून सगळे म्हणणार, हिला काय झालंय!

ऑर्केस्ट्रावाला: आजार खरा, मान्य. पण लोक तिचं 'झुंजार' वगैरे कौतुक करतात, ते मला झेपत नाही. आम्ही गणपतीत गातो, बयाणा घेतला की घसा बसू दे नाहीतर ताप येऊ दे, स्टेजवर जायचंच, नाहीतर पुढच्या वर्षी मंडळ दुसरा बघतं. तिला रद्द करणं परवडतं एवढंच.

मिरजची पोरगी: परवडतं, बरोबर. मग चिडायचं कुणावर, तिच्यावर का तापात गायला लावणाऱ्या मंडळावर?

हळद गल्ली: ते राहू दे ओ, पण गायिकेनं गावं. हिरोईन कशाला व्हायचं?

मिरजची पोरगी: काका, बालगंधर्वांचं नागठाणे आपल्याच जिल्ह्यात न्हवं? आणि हिला ऑस्करला अॅक्ट्रेसचं नॉमिनेशन होतं, गाण्याचं तर मिळालंच.

कृष्णाकाठ: वेगासचं पटलं. पण युरोपात ज्यांनी हॉटेल बुक केलं त्यांचं काय? तिकिटाचे पैसे परत मिळतात, रजा नाही मिळत.

ऑर्केस्ट्रावाला: रजेचं भावा तुझ्या साहेबाला विचार 😄