एक अपघात, दोन कोर्टं, दोन निकाल: खरा कुठला?

रामबागकर
माझ्या मावशीला २०२२ साली इंदूरच्या एबी रोडवर एका कारनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. फौजदारी कोर्टानं ड्रायव्हरला संशयाचा फायदा देऊन सोडलं. क्लेम केसमध्ये मात्र ट्रिब्युनल (अपघात भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) म्हणालं, चूक कारचीच, भरपाई द्या. घडलं ते एकदाच ना? मग दोनांतला एक निकाल चुकीचा आहे, आणि माझ्या मते तो सोडणारा. आमचे वकील नुसतं हसून म्हणतात, “असंच असतं.” मला हे मान्य नाही. बोला.

जुना_वकील
दोन्ही बरोबर असू शकतात. निकालाची प्रत वाचलीत का? अशा निकालात “अपघात झालाच नाही” असं सहसा नसतं. “गाडी हाच माणूस चालवत होता हे सिद्ध झालं नाही” असं असतं. शिक्षा एका ठरावीक माणसाला व्हायची असते, म्हणून तो कोण हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावं लागतं. क्लेममध्ये प्रश्न निराळा: या गाडीच्या निष्काळजीपणानं इजा झाली असण्याची शक्यता जास्त की नसण्याची? तिथं पारडं थोडं झुकलं तरी चालतं, कारण पैसे मालक आणि विमा कंपनी देणार.

नवीन काही नाही हे. १९८० चं एन.के.व्ही. ब्रदर्स प्रकरण पहा. बस विजेच्या तारेला लागली, प्रवासी दगावले, ड्रायव्हर फौजदारीत सुटला. तरी सुप्रीम कोर्टानं भरपाई कायम ठेवली. न्या. कृष्णा अय्यर यांचं म्हणणं असं की गुन्हा ठरणारा बेदरकारपणा ही भरपाईपुरत्या निष्काळजीपणापेक्षा बरीच वरची पायरी आहे.

रामबागकर
प्रत वाचली, साहेब. ड्रायव्हर तोच ही ओळख पटली नाही, म्हणूनच सुटला. पानवाल्यानं पोलिसांना सगळं सांगितलं होतं, कोर्टात म्हणाला, “आवाज ऐकून नंतर आलो.” फितूर! ड्रायव्हर तर दोन्हीकडे गप्प. क्लेममध्ये लिहिलंय की ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला नाही, हे त्याच्याविरुद्ध जातं. फौजदारीच्या निकालात त्या गप्प बसण्याबद्दल अक्षर नाही. एकाच माणसाचं एकच मौन, एकीकडे मोजायचं, दुसरीकडे नाही?

जुना_वकील
हो, मोजायचंच नाही. संविधानाचं कलम २०(३): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही म्हणून दोषी, असं कोर्टाला धरता येत नाही. समोर सरकार आहे, पोलीस आहेत, तपासाची सगळी ताकद त्यांच्याकडे. सिद्ध त्यांनीच करायचं. क्लेममध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या. ज्याला खरं ठाऊक आहे तो बोलला नाही तर कोर्ट काय समजायचं ते समजतं.

स्नेहलतागंज
वकीलसाहेबांशी सहमत. आमच्याकडे गाडी भावाच्या नावावर, चालवत होता दुसराच. नाव मात्र भावाचं लागलं. सुटेपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. मावशींबद्दल वाईट वाटतं, पण “मालक म्हणजे ड्रायव्हर” असं कोर्टानं धरलं असतं तर माझा भाऊ आत असता.

मालवी_मिरची
ताई, तुमचा भाऊ सुटला ते चांगलंच. पण वकीलसाहेब पंच असल्यासारखं कोर्ट सांगतात, मैदानाबाहेर उभं. तसं नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ नं न्यायाधीशाला कुठलाही प्रश्न विचारायची मुभा होती, २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. पानवाल्याला चार प्रश्न विचारले का कुणी? पेशीवर पेशी, दुकान बंद ठेवून ये, संध्याकाळी तारीख घेऊन जा. त्या माणसानं शेवटी अंग काढून घेतलं तर नवल काय! तत्त्व सोन्याचं आहे हो, पण त्याआड ढिसाळ तपास लपतो.

आणि कायदा एकच म्हणून उत्तरही ठरलेलं येतं, हेही खरं नाही. आपल्याच इंदूरच्या शाहबानो या मुस्लिम बाईचं प्रकरण घ्या. १९७८ मध्ये तिनं महिना ५०० रुपये पोटगी मागितली. नवरा वकील, त्याची वर्षाची कमाई ६०,००० च्या घरात असं तिचं म्हणणं. खालच्या कोर्टानं १९७९ मध्ये दिले २५ रुपये! हायकोर्टानं १९८० मध्ये केले १७९ रुपये २० पैसे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं तेच कलम १२५, तीच बाई, तोच नवरा.

जुना_वकील
तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खालचं चुकलं, वरच्यानं दुरुस्त केलं, १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवऱ्याचं अपील फेटाळलं. निकालाला कारणं द्यावी लागतात म्हणून तर वर तपासता येतं. शिवाय त्या निकालात ठरलं ते एवढंच की कलम १२५ सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू. समान नागरी कायद्याबद्दलची वाक्यं जाता जाता आलेली, ती खालच्या कोर्टांना बांधत नाहीत. देशभर वादळ मात्र त्यांच्यावरूनही उठलं. निकाल वाचताना ठरलेलं आणि बोललेलं वेगळं काढायला शिकावं लागतं.

मालवी_मिरची
२५ रुपयांनाही कारणं लिहिली असतीलच की! आणि दुरुस्ती व्हायला साठी ओलांडलेल्या बाईला सात वर्षं. एवढा दम सगळ्यांत नसतो.

जुना_वकील
वेळेबद्दल बोललात तर माझ्याकडे उत्तर नाही. पानवाल्याबद्दलही तुमचं खरं आहे, प्रश्न विचारायला हवे होते.

रामबागकर
मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतंय, म्हणजे चिडचिड तेवढीच. अपील करता येतं का? पानवाल्याला परत बोलावतील?

जुना_वकील
येतं. २००९ पासून पीडितालाही सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क आहे. पण सुटल्यावर निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी घट्ट होतं, आणि अपील बहुतेक नोंदलेल्या साक्षींवरच चालतं. पानवाल्याची आशा धरू नका. गाडी त्या दिवशी कुणाकडे होती हे मालकाला पोलिसांनी लेखी विचारलं होतं का, ते आधी चालानमध्ये, म्हणजे पोलिसांच्या आरोपपत्रात, बघा. विचारलं असेल आणि कोर्टानं ते पाहिलंच नसेल, तर मुद्दा आहे.

मालवी_मिरची
आणि विचारलंच नसेल तर?

जुना_वकील
तर भरपाईच्या वसुलीमागे लागा.