माग गेले तरी आई ओरडूनच बोलत होती

मागवाल्याचा पोरगा (पूर्व भाग, सोलापूर):
वडिलांनी माग विकले त्या दिवसावर गोष्ट लिहिली. टॉवेलचे चार माग होते, घरामागच्या पत्र्याच्या शेडात. भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि दिवेलागणीपर्यंत शेड मोकळं. गोष्टीत 'काळीज फाटलं', 'दुःखाचा डोंगर', 'अश्रूंचा पूर', काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मित्रांना वाचून दाखवली. एकजण मोबाईल बघत होता, दुसरा म्हणाला, "भारी लिहिलास बे." म्हणजे काहीच झालं नाही.

मधेच एक ओळ होती, न ठरवता आलेली. 'रात्री जेवताना आई नेहमीसारखीच ओरडून म्हणाली, भाकरी वाढू का?' दारात बसून ऐकणाऱ्या शेजारच्या अक्का तेवढ्यावर पदर डोळ्याला लावून उठून गेल्या. डोंगरानं झालं नाही ते भाकरीनं कसं झालं?

कडक भाकरी:
मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त. तुमचा प्रश्न जुना आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त रसाचे, म्हणजे वाचताना मनात उतरणाऱ्या भावनेच्या आस्वादाचे, दोष सांगितले, त्यात रसाचं किंवा भावाचं नाव घेऊन मोकळं होणं हाही दोष धरलाय. 'नाट्यशास्त्र'कार भरताच्या रससूत्रातही विभाव (भावना जागवणारं कारण), अनुभाव (ती बाहेर दिसते ती खूण) आणि व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे छोटे भाव) यांच्या संयोगातून रस निपजतो. तुमच्याकडे मोकळं शेड आहे, म्हणजे विभाव. आईचं ओरडणं हा अनुभाव. शोक कुठंच लिहिलेला नाही, म्हणून तो अक्कांना स्वतः करावा लागला. भरतानं दाखला स्वयंपाकाचाच दिलाय, मसाले एकत्र येऊन चव होते तसा. शेंगाचटणीच्या पुडीवर 'झणझणीत' छापल्यानं जीभ पोळत नाही.

पुणेकर पाहुणा:
मला नाही आलं रडू. आई का ओरडते तेच कळलं नाही. रागावली असेल असं वाटलं.

मागवाल्याचा पोरगा:
अरे, चार माग चालू असले की शेजारी बसलेल्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या गल्लीत सगळेच मोठ्यानं बोलतात. फोनवर तर विचारू नका.

कडक भाकरी:
पाहुण्यांचं बरोबर आहे. अक्कांच्या कानात तो खडखडाट आधीपासून होता, पुण्याच्या कानात तुम्हालाच घालावा लागेल. पहिल्याच पानावर, माग चालू असताना, आईला एकदा ओरडू द्या. साध्याच गोष्टीसाठी. का ओरडते हे समजावून सांगत बसू नका. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावतोय, वडिलांना ऐकू गेलं नाही म्हणून ती पुन्हा ओरडते, बास. मग शेवटी तोच आवाज रिकाम्या घरात आला की शांतता वाचणाऱ्याला आपोआप ऐकू येईल.

विडीवालीची लेक:
माझी आई विड्या वळायची. हात थकले, काम सोडलं. अजून टीव्हीसमोर बसली की मांडीवर सूप नसतं, पण बोटं चालू असतात. तुमची ओळ वाचून तिच्याकडे बघितलं. पुढचं लिहीत नाही.

मागवाल्याचा पोरगा:
सर, पहिल्या पानावर आई ओरडली. 'सुताच्या कांड्या संपल्या!' म्हणून, दोनदा. डोंगर, पूर सगळं काढलं, सहा पानांची चार झाली. फक्त शेवटचं 'आई आतून तुटली होती' हे वाक्य काढवत नाही. एवढं एक ठेवू का?

विडीवालीची लेक:
काढ बे.