दर महिन्याला रिलीज हवंच, आणि तारीख ठरवूनच

टिळकवाडी:
काल आपल्या बेळगावकडच्या गटात एकानं लिहिलं, "ओपन सोर्सला महिन्याची तारीख लावू नये, तयार झालं की द्यावं." डोकं फिरलं वाचून. आपल्या खुल्या कोडच्या बिलांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती गणपतीत येणार होती, दिवाळी गेली तरी पत्ता नाही. तारीख नसली की प्रत्येकजण म्हणतो, माझं एवढं एक फीचर घ्या, मग काढू. तारीख असली तर राहिलेलं काम पुढच्या महिन्यात जातं, एवढंच. लिनक्स कर्नल बघा, म्हणजे लिनक्सचा गाभा. नवं काम दोन आठवडे आत घेतात, मग दार बंद. दर आठवड्याला आरसी, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती, नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती. फायरफॉक्स 2020 पासून चार आठवड्यांवर आलंय.

उद्यमबाग:
त्यांच्याकडं पगारी माणसं आहेत. आपण चौघं, तेही नोकरी सांभाळून. डेबियन लिनक्स तयार झाल्यावरच निघतं आणि लोक त्याच्यावरच सर्व्हर चालवतात. माझी फाउंड्री आहे. मागं 10 तारखेला अपडेट घेतलं, तर एचएसएन कोडचा, म्हणजे मालाच्या वर्गाच्या नंबरचा, रकानाच रिकामा. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची, मुदत! जुन्या आवृत्तीवर परतावं तर डेटाबेसचा साचा बदललेला. मी आणि अकौंटंट रात्री दोनपर्यंत हातानं भरत बसलो. परत महिन्याचं नाव काढू नका.

टिळकवाडी:
म्हणजे तारीख चुकली, पद्धत नव्हे. 11 ला जीएसटीआर-1, 20 ला कर भरायचं 3बी. 22 ला काढू की.

खानापूर:
तारखेवर भांडा खुशाल. भाषांतराचं कोण बोलणार? आदल्या रात्री कुणीतरी बटणावरचा मजकूर बदलतो आणि सकाळी अर्धा स्क्रीन इंग्रजी.

निपाणी:
कन्नड बरं वेळेत होतं? मराठीच मागं का राहतं? बोर्डावर तेच, ऑफिसात तेच, आता सॉफ्टवेअरमध्येही तेच.

खानापूर:
कन्नडही मीच करते! दोन्ही फाइली रात्री जेवणं झाल्यावर मीच भरते. मराठी राहिली कारण तपासायला माणूस मागितला तर एकजण पुढं आला नाही. तुम्हीसुद्धा नाही.

निपाणी:
मला माहीत नव्हतं. पण इथं मराठीचं काही राहिलं की राग येतो, तो येणारच.

उद्यमबाग:
सीमाप्रश्न बाजूला ठेवा हो. माझ्याकडं पॅकिंगची पोरं कन्नड वाचतात, हिशेब मराठीत असतो. दोन्ही लागतात मला. बरं, महिना मान्य, पण दुरुस्त्यांपुरता. नवी फीचर्स लिबरऑफिससारखी वर्षातून दोनदा.

टिळकवाडी:
सहा महिने? नव्या पोरानं पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दिला आणि तो सहा महिने पडून राहिला, तर तो दुसरा पॅच देईल का? साचा बदलणारं काम तेवढं सहा महिन्यांवर ठेवू, ते पटतं. बाकीचं दर महिन्याला.

उद्यमबाग:
चालेल. पण आरसी आधी माझ्या जुन्या डेटावर चालवायची, मगच 22.

निपाणी:
मराठी फाइल पाठवा. रविवारी बसतो.

खानापूर:
पाठवते. आणि 14 तारखेनंतर मजकुराला हात लावलेला पॅच परत येईल, कुणाचाही असो.