नवीन राउटर: वाय-फाय ६ पुरे, की ७ घ्यावा?

निवांत_नंदू:
घरचा राउटर ८०२.११एन वाला आहे, म्हणजे आताच्या भाषेत वाय-फाय ४, तोही फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. इंटरनेट ५०० एमबीपीएसचं घेतलंय, पण लॅपटॉपवर ७०-८०च्या पुढे काटा सरकत नाही. ६ घ्यावा, ७ घ्यावा, की ८ येईपर्यंत कळ काढावी? जाणकारांनी सांगावं.

फुकटचा_सल्लागार:
राउटर बिघडलेला नाही. दोन अँटेना आणि २० मेगाहर्ट्झचा चॅनेल असला की 'एन'ची कमाल १४४ एमबीपीएस. त्यातलं साधारण निम्मं हाती लागतं, ते तुम्हाला मिळतंयच. लॅपटॉपमध्ये कार्ड कोणतं आहे? त्यावाचून पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

निवांत_नंदू:
८०२.११एसी, म्हणजे वाय-फाय ५, दोन अँटेना. फोन मात्र वाय-फाय ६चा आहे.

फुकटचा_सल्लागार:
मग ६ घ्या. खोक्यावरचा भलामोठा आकडा सगळ्या बँडांची (२.४, ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या पट्ट्यांची) बेरीज असतो, आणि लॅपटॉप किंवा फोन त्यातला एकच बँड वापरतो. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीत तुमच्या लॅपटॉपची कमाल ८६७ आणि फोनची १२०१. त्याच खोलीत बसलात तर तुमचे ५०० जवळजवळ पूर्ण वसूल. ६ची खरी करामत वेगात नाहीच, ओएफडीएमएमध्ये आहे: एकाच चॅनेलचे तुकडे करून एका वेळी अनेक उपकरणांना वाटता येतात. घरात दहा-वीस उपकरणं असतील तर फरक जाणवतो, अर्थात ती उपकरणंही ६ची हवीत.

रेडिओवेडा:
थोडी असहमती. राउटर पाच-सहा वर्षं टिकवायचा असेल तर ७चा विचार करा. एमएलओमुळे एकच उपकरण दोन बँडांवर एकत्र जोडलेलं राहतं, एकावर गर्दी झाली की दुसरा आहेच. पण एक मेख आहे. ३२० मेगाहर्ट्झची रुंदी फक्त ६ गिगाहर्ट्झ बँडमध्येच मिळते, आणि स्वस्तातल्या बऱ्याच 'वाय-फाय ७' राउटरांत तो बँडच नसतो. उरतं ४०९६-क्यूएएम, म्हणजे त्याच लहरीत जास्त डेटा कोंबायची युक्ती. त्याने वेग २० टक्के वाढतो खरा, पण राउटरच्या अगदी जवळ बसलात तरच. असला ७ घेण्यापेक्षा चांगला ६ बरा.

वाचनमात्र:
आणि ८चं काय? थांबावं का?

रेडिओवेडा:
नको. ८, म्हणजे ८०२.११बीएन, कमाल वेग वाढवतच नाही, तो ७ इतकाच राहणार. भर आहे तो जोडणी न तुटण्यावर आणि कमकुवत सिग्नलमध्येही तग धरण्यावर. मला तर ही सुबुद्धीच वाटते. आणि मानक अंतिम व्हायची वाट बघणारे नेहमीच मागे राहतात. 'एन'च्या मसुद्यावर बनलेल्या उपकरणांना वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २००७पासून प्रमाणपत्रं दिली, मानक मंजूर झालं २००९मध्ये. ७चंही तेच, प्रमाणपत्रं जानेवारी २०२४पासून आणि मानक प्रकाशित झालं २०२५मध्ये.

निवांत_नंदू:
ठरलं, ६. पण लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे असतो.

फुकटचा_सल्लागार:
हे आधी सांगायचं ना राव! ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर हात टेकतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून बघा. तरी जमलं नाही तर त्या खोलीपर्यंत कॅट ६ ही नेटवर्क केबल ओढा आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारा डबा) लावा. हो, राउटरचं पोर्ट गिगाबिट आहे ना तेही तपासा. १०० एमबीपीएसचं निघालं तर सगळं मुसळ केरात.