मदत हवी आहे: गर्भाशयातला एव्हीएम (रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी), पिशवी काढायची की एम्बोलायझेशन (नळीने रक्तवाहिनी बंद करणं)?

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय 29, सांगलीजवळ राहते. नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडून साफ करणं) करावं लागलं. महिन्याभराने अंगावरून इतकं जायला लागलं की पॅड पुरेनात, मोठ्या गाठी पडत होत्या. हिमोग्लोबिन 6.4 वर आलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. ट्रॅनेक्झामिक ॲसिडवर (रक्तस्राव कमी करणारं औषध) सध्या थांबलंय.

'आत काही राहिलं असेल' म्हणून पुन्हा क्युरेटिंग ठरत होतं, पण कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणाऱ्या मॅडमनी अडवलं. गर्भाशयाच्या भिंतीत धमनी आणि शीर थेट जोडल्या गेल्यात, एव्हीएम दिसतोय म्हणाल्या. बीटा एचसीजी (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे. आता एक डॉक्टर पिशवी काढा म्हणतात, दुसरे एम्बोलायझेशनसाठी पुण्याला न्यायला सांगतात. तिला अजून मूल नाही. पिशवीचा विषय निघाला की ती बोलायचीच थांबते. कुणी हे करून घेतलंय का? पुढे दिवस राहू शकतात का?

प्रतिसाद

ताई, मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभागात (स्कॅनवर बघत बारीक नळीने उपचार करतात तिथे) काम करते. त्या मॅडमनी अडवलं ते फार बरं झालं. एव्हीएम असताना क्युरेटिंग केलं तर रक्तस्राव आणखी भडकू शकतो.

एम्बोलायझेशनमध्ये जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि जेलफोम (विरघळणारा स्पंज), कण किंवा ग्लू सोडून ती वाट बंद करतात. पोटावर चिरा नाही, बहुतेकदा पूर्ण भूलही लागत नाही. नंतर एकदोन दिवस ओटीपोटात चांगलंच दुखतं, बारीक तापही येतो. काही जणींना पुन्हा करावं लागतं, हे आधीच माहीत असू द्या. यानंतर दिवस राहून बाळंतपण झालेल्या बायका आहेत. खात्री कुणीच देणार नाही, आणि दिवस राहिले तर वार (प्लासेंटा) नीट आहे ना यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण मूल हवं असेल तर आधी हाच मार्ग, पिशवी काढणं अगदी शेवटी.

रक्तस्राव थांबलेला असेल तर हेही विचारा: डॉपलरवर लक्ष ठेवून थांबता येईल का? गर्भपातानंतरच्या अशा रक्तवाहिन्या काही जणींत आपोआप मिटतात.

पुन्हा तासाला पॅड भिजू लागला किंवा चक्कर आली तर पुण्याची वाट धरू नका. 108 बोलवा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे गर्भाशयात फोलीचा (लघवीसाठी घालतात त्या नळीचा) फुगा फुगवून तात्पुरतं थांबवता येतं. निघताना डॉपलरची सीडी, रक्तगट आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत घ्या.