जाळीतल्या कोंबडीला नुसती बाजरी आणि उरलंसुरलं: पुरतं का?

पंचवटीकर
नाशिकात मखमलाबाद-म्हसरूळकडे ओळखीतल्या बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात आता चार-सहा कोंबड्या दिसतात. खाणं बहुतेक ठिकाणी एकच: मूठभर बाजरी, उरलेला भात, शिळी भाकरी. पोट भरतं, पण उपासमार होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. १०० ग्रॅम बाजरीत ते जेमतेम ४० मिलिग्रॅम. उरलेलं ती कुठून आणणार? स्वतःच्या हाडांतून. मग कवच पातळ होतं, पाय लुळे पडतात आणि आपण म्हणतो, जातच नाजूक. प्रथिनांचंही तेच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के लागतात, बाजरी-मक्यात १० च्या आसपास असतात. म्हणून मुख्य खाणं लेअर मॅशच हवं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार भरडलेलं खाद्य, कोंबडीमागे रोज १०० ते १२० ग्रॅम. पालेभाजी, दाणे हे वरचं खाणं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, लागेल तसा ती खाते.

निफाडचा शेतकरी
ताई, गावरान कोंबडीला फार्मचा हिशेब लावू नका. ती वर्षाला ६०-८० अंडी देते. दहा-पंधरा घातली की खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते, तेवढ्यात झीज भरून निघते. दिवसभर उकिरडा उकरते, वाळवी, किडे, गोगलगायी टिपते. आमच्याकडे आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत, मॅशची गोणी कधी आली नाही.

आणि गोणीत सगळं चांगलंच असतं हे कशावरून? पावसाळ्यात मक्याला ओल लागली की बुरशी धरते. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावर जातं. घरची बाजरी निदान डोळ्यांसमोर पाखडलेली असते.

पंचवटीकर
दादा, तुमच्या कोंबडीला उकिरडा आहे. मी जिच्याबद्दल बोलतेय तिच्या पायाखाली शहाबादी फरशी आहे. तिथे वाळवी कुठून येणार? शिवाय शहरात बरेच जण फार्मवरची तपकिरी लेअर आणतात, ती जवळपास रोज अंडं घालते. खुडूक बसून विश्रांती घेणं तिच्या रक्तातच राहिलेलं नाही.

बुरशीचं मात्र शंभर टक्के खरं. गोणी जमिनीवर नको, फळीवर ठेवावी. महिन्याभरात संपेल एवढीच आणावी. वास आला तर फेकावी, कितीही जीवावर आलं तरी.

दिंडोरीचा बागाईतदार
मोकळं सोडलं की प्रश्न मिटला, असं आमच्या भागात म्हणता येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीवर फवारणी चालते. बोर्डो या बुरशीनाशकात मोरचूद (तांब्याचा क्षार) असतं, ते गवतावर बसतं, कोंबडी तेच गवत टोचते. फवारलेल्या बागेत कोंबड्या सोडू नयेत, एवढं तरी पाळा.

दुसरं कांद्याचं. भाव पडला की चाळीतला खराब कांदा कोंबड्यांपुढे ओतणारे मी पाहिलेत. कांद्यातले गंधकयुक्त घटक रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कोंबडीला पंडुरोग होतो. एखादी फोड खाल्ल्याने मरणार नाही, पण पाटीभर कांदा हे खाणं नाही. अंड्यालाही वास लागतो.

सिन्नरची गृहिणी
सगळं पटलं, पण चार अंड्यांसाठी गोणीचा खर्च कुठून काढायचा? मी मका, सोयापेंड, गव्हाचा कोंडा आणि चुनखडी कालवते, वरून शेवग्याचा पाला. बलक छान केशरी येतो. घरचं मिश्रण कमी का मानायचं?

पंचवटीकर
कमी मानत नाही, शेवगा तर उत्तमच. पण बलकाचा रंग पाल्यातून आणि पिवळ्या मक्यातून येतो, त्यावरून प्रथिनं पुरली का ते कळत नाही. मिश्रणात खनिज आणि जीवनसत्त्वांची पावडर घालता का? ती नसेल तर मिश्रण अपुरं. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: सोयापेंडीऐवजी कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचतच नाहीत.

निफाडचा शेतकरी
कोंडलेल्या कोंबडीचं मान्य. मग कोंडूच नये, हे माझं म्हणणं. जागा नसेल तर रोज अंडं देणारी जात आणायचा अट्टहास कशाला?

आणखी एक. खुराड्यात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, असतील तर त्यांना लेअर मॅश देऊ नका. साधारण १८ आठवड्यांपर्यंत तेवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला झेपत नाही. सगळ्यांना एकच गोणी ओतणारे हे विसरतात.

पंचवटीकर
हो, म्हणूनच वेगळ्या भांड्याचा आग्रह. तलंगांना ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, शिंपल्यांचा चुरा बाजूला. अंड्यावर आलेल्याच तो जास्त टिपतात. तो दुपारनंतर भरून ठेवा, कारण कवच रात्रभर घडतं. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी धापा टाकते, खाणं कमी होतं, कवच आणखी पातळ पडतं. तेव्हा मॅश पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी सावलीत आणि दिवसातून दोनदा बदललेलं. मोकळ्या कोंबडीलाही एवढं लागतंच, दादा. मॅश नका देऊ, पण शिंपला तरी ठेवाल का?

निफाडचा शेतकरी
शिंपला ठेवेन. मॅश नाही.